एका तिकिटावर दोघं

भोंगा टीव्हीच्या टेबलाखाली पालथा पडला होता. दातांत वायर, पोटाखाली कुणाची तरी चप्पल, आणि विजारीची मागची शिवण आता सुटते की मग सुटते अशा बेताला आलेली.

"दाजी, काय दिसतंय?"

"गोल फिरतंय."

"फिरू द्या. फिरतंय म्हणजे धुगधुगी आहे."

दाजी खाटेवर बसून होते. भोंग्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, जन्मभर बंदरावर क्रेन चालवलेला माणूस. ताई गेल्यापासून ते समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे आणि सुनेने हाक मारली की जेवायचे. भोंग्याला कुठूनसं कळलं की नेटवर दूरच्या एका बंदराचं चित्र दिवसभर चालू असतं. जहाजं लागतात, मालाचे डबे उतरतात, बस्स, एवढंच. त्याने तडक सेट-टॉप बॉक्स विकत घेतला आणि मांडीवर ठेवून, पोर आणावं तसा, बसने इथवर आणला.

गाडं अडलं ते नेटपाशी. भाच्याने घरच्या नेटला कुलूप घातलं होतं. त्याने ज्या फोनला परवानगी दिली तो आत, बाकीच्यांनी दारात उभं राहायचं. त्याचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं. बॉक्स जोडला की लाइन अडते, असं त्याचं म्हणणं. सकाळी भोंग्याने गोडीगुलाबीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, बघतो. दुपारी म्हणाला, बघतो ना मामा. चहाच्या वेळी नुसती मान हलवली. भोंगा जुन्या गाड्यांचा दलाल. 'बघतो' म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नसतं हे त्याला वेगळं शिकवायची गरज नव्हती. त्याला मीटर मागे फिरवलेली गाडी नुसत्या हॉर्नवरून कळायची. आपल्याला गंडवणारा अजून जन्माला यायचाय, असं तो चारचौघांत छाती ठोकून सांगायचा.

मग कात्री शोधताना त्याला खणात ताईचा फोन सापडला. चष्म्याच्या घराखाली, कोपरा फुटलेला. भोंग्याने चार्जिंगला लावला, तो जिवंत झाला, आणि कुणाला काही न विचारता घरच्या नेटला जाऊन चिकटलासुद्धा. माणूस गेलं तरी त्याची परवानगी काढून घ्यायचं भाच्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. फोनला कुलपाचा साधा आकडाही घातलेला नव्हता. माझ्याकडे काय आहे चोरायला, असं ताई म्हणायची.

भोंग्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरचं नेट ताईच्या फोनला, ताईच्या फोनचं बॉक्सला. दारावरच्याला दिसणार फक्त ताई. लहानपणी सर्कशीत दोघं असेच शिरले होते. तिकीट एक, ताईच्या अंगावर आईची शाल, आणि शालीच्या आत तिच्या पाठीला पालीसारखा चिकटलेला भोंगा. दारावरचा म्हणाला होता, पोरगी भारीच जाड आहे. आतून भोंगा खुदकन हसला तेव्हा ताईने मागच्या मागे असा चिमटा काढला, की पहिले दोन खेळ त्याने उभ्याने पाहिले.

"हो पुढे, ताई," फोन टीव्हीशेजारी ठेवत तो पुटपुटला, "मी आलोच मागनं."

बोलून गेला आणि मग त्याला आठवलं. शेवटचे चार महिने तो ताईशी बोललाच नव्हता.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा तो दुसऱ्या गावाहून रोज संध्याकाळी, धंदा आवरला की, व्हिडिओ कॉल लावायचा. दिवसभरात कुणाला कसं गुंडाळलं ते रंगवून सांगायचा. ताई हसायची, खोकायची, परत हसायची. आणि गोष्ट ऐन रंगात आली, आता शेवटचा बार उडणार, की ती म्हणायची, "भोंग्या, माझी झोपायची वेळ झाली." की कॉल बंद. एकदा नाही, रोज. विनोदाच्या शेपटीवर दार आपटावं तसं. भोंग्याने आयुष्यात शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा जोडाही खाल्ला होता, पण गोष्ट अर्धी टाकून कुणी उठलं नव्हतं. एके दिवशी तो म्हणाला, आमचा कंटाळा येत असेल तर सरळ सांगा राणीसाहेब, झोपेचं सोंग कशाला. ती काही बोलणार तेवढ्यात पुन्हा कॉल गेला. दुसऱ्या दिवशी त्याने लावला नाही. तिने लावला, तो त्याने उचलला नाही. मग ते तसंच राहिलं. आणि मग राहायला काही उरलंच नाही.

"आलं," दाजी म्हणाले.

भोंगा टेबलाखालून सरपटत बाहेर आला. पडद्यावर धक्क्याला लागलेलं अवाढव्य जहाज होतं आणि क्रेनच्या दोरांना टांगलेला लाल डबा सावकाश वर चढत होता. दाजी खाटेच्या कडेला सरकले. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर आपोआप दांडा धरल्यासारखा वळला.

"झोका देतोय," ते म्हणाले. "नवशिका दिसतोय. वारा बघायचा असतो आधी, गाढवा."

ताई गेल्यापासून दाजींच्या तोंडून निघालेली ही पहिली शिवी. भोंग्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भाच्याला नेमकं काय ऐकवायचं ते तो मनात घोळवू लागला. जेवताना, पहिल्या घासाला, सुनेसमोर. भाचेबुवा, तुमच्या कुलपाची किल्ली तुमच्या आईनेच दिली हो. नको, त्याहून झोंबरं काहीतरी. भिंतीपलीकडे भाचा कुणाशी तरी साहेबी सुरात बोलत होता. भोंग्याने त्या दिशेने जीभ काढून दाखवली. दाजींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुसरा डबा उचलला गेला. निळा. जहाज आणि धक्का यांच्या मधोमध आला आणि तिथेच थांबला.

"हा का थांबला? चहाला गेला काय?" भोंगा म्हणाला.

समुद्रही थांबला होता. मग डब्यावर ते गोल फिरू लागलं. भोंगा पुन्हा टेबलाखाली घुसला, वायर काढली, फुंकली, लावली.

"वायरला हात लावू नकोस," दाजी म्हणाले. "आठ वाजले."

"त्याचं काय?"

"तिचं रोज आठला जायचं."

भोंग्याने टेबलाखालूनच हात वर घालून फोन घेतला. फुटक्या काचेमागे एक हसरा चंद्र होता. डोक्यावर गोंड्याची टोपी, गालाला हात. खाली रंगीबेरंगी अक्षरं नाचत होती.

बाळांनो, झोपायची वेळ झाली! आजचं इंटरनेट संपलं. भेटू उद्या!

भोंगा तसाच बसून राहिला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"रात्री त्याच्या मीटिंगा असतात," दाजी म्हणाले. नजर पडद्यावरच्या डब्यावर. "लाइन मोकळी लागते. म्हणून तिचा फोन त्याने नेटच्या लहान मुलांच्या गटात टाकला. आठला आपोआप बंद. ती हसायची. म्हणायची, या वयात लेकाने पाळण्यात घातलं बघा."

"मला का नाही सांगितलं?"

दाजींनी पायावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

"ती नको म्हणाली. म्हणाली, भोंग्याला कळलं तर तो चारचौघांत पोराची चेष्टा करेल. जन्मभर पुरवेल त्याला." मग म्हणाले, "तू कॉल करायचा बंद झालास तेव्हा मी म्हटलं तिला, आता तरी सांग. तर म्हणे, येईल तो. हसवल्याशिवाय त्याला राहवत नाही."

भोंग्याने अंगठ्याने काच पुसली. चंद्र गेला नाही. मग त्याने फोन बंद केला, खणात चष्म्याच्या घराखाली होता तसा ठेवला आणि खण ढकलला. शेवटचं बोटभर तो अडकला, तेव्हा पोटाने रेटला.

पलीकडचं दार उघडलं. भाचा हेडफोन गळ्यात अडकवून उंबऱ्यात आला. थकलेला, डोळ्यांखाली काळं. पडद्यावर लटकलेला डबा त्याने पाहिला, पण तो कुठून आला हे विचारायलाही त्याला सवड नव्हती.

"मामा, पाच मिनिटं मोकळा आहे. पानं घ्यायला सांगू?"

दाजींनी मान वळवून भोंग्याकडे पाहिलं.

भोंगा उठला. टेबलाखालची चप्पल त्याचीच होती. ती त्याने पायात सरकवली.

"नको रे," तो म्हणाला. "माझी झोपायची वेळ झाली."

भाचा खो खो हसला. मामा काहीही बोलला तरी हसायची त्या घराला सवय होती.