खोकल्याची खूण

"या मुंग्याच आहेत हो, पंख फुटलेल्या," घरमालकीण म्हणाली आणि खिडकीच्या कट्ट्यावरचे किडे फडक्यानं गोळा करू लागली.

काकांनी तिला थांबवलं आणि एक किडा तळहातावर घेऊन ते उजेडात गेले. आसपासच्या चार गल्ल्या त्यांना वाळवीवाले काका म्हणूनच ओळखायच्या, आणि नजर अजून शाबूत होती. ते म्हणाले, "मुंगीला बारीक कंबर असते. ही बघा, वरपासून खालपर्यंत सारखीच. पंखही चारी एका मापाचे. मुंगीचे मागचे आखूड असतात. ही वाळवीच."

मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या काकूंना, इतक्या वर्षांनंतरही, हे ऐकताना बरं वाटलं. माणूस आपल्या कामात मुरलेला होता.

पण किडा ओळखला की तो निघाला कुठून ते शोधायचं, आणि ते काम कानाचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं लाकूड ठोकत जायचं. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द. काकांच्या कानांनी वर्षभरापूर्वी दगा दिला होता; समोरचं बोलणं कळायचं, पण लाकडातला हा फरक नाही. मुलगा म्हणायचा, आता पुरे करा. ते त्यांनी ऐकलं नाही, त्यात मात्र कानांचा दोष नव्हता. काम सोडून घरात बसलेला नवरा काकूंना कल्पनेतही बघवेना, म्हणून त्या पिशवी धरायच्या निमित्तानं सोबत येऊ लागल्या. लाकूड बद्द वाजलं की त्या खोकायच्या, काका डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून तिथंच टोक खुपसायचे. आजवर कुणाला पत्ता लागला नव्हता.

आज नेमका त्यांना खरा खोकला झाला होता. घशातली खवखव दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं होतं. दाराच्या चौकटीची एक बाजू निभावली. दुसरी निम्मी झाली आणि उबळ आलीच. काकांनी जोर लावून टोक खुपसलं. ते चांगल्या, भरीव लाकडात रुतलं.

"अहो, इथं तर काहीच नाही," घरमालकीण म्हणाली. "चांगली चौकट फोडलीत की."

आता काहीतरी थाप मारायला हवी, म्हणून काकू पुढे झाल्या, पण काकांनी हात वर केला.

"बाई, माझे कान गेलेत," ते म्हणाले. "लाकूड ऐकते ती हीच. ही खोकली की मी खुपसतो. आज हिला खरोखरीच खोकला झालाय."

एवढं बोलून त्यांनी स्क्रूड्रायव्हर काकूंच्या हातात दिला. काकू चौकट ठोकत खाली खाली गेल्या आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागलेल्या कोपऱ्याशी थांबल्या.

"इथं," त्या म्हणाल्या. परक्या घरात हे त्या प्रथमच तोंडानं बोलल्या होत्या.

टोक लागताच रंगाचा पापुद्रा फुटला आणि आत मातीतून पांढऱ्या किड्यांची पळापळ दिसली. औषध मारण्याआधी काकांनी आपण पाडलेल्या भोकात लांबी भरली आणि बोटानं घासून घासून ती जागा सपाट केली.

निघताना घरमालकिणीनं विचारलं, पुन्हा काही दिसलं तर तुम्हालाच बोलवू ना?

"हिला बोलवा," काका म्हणाले. "मी येईन सोबत."

काकूंनी सवयीनं पिशवीकडे हात नेला. ती काकांनी आधीच खांद्याला अडकवली होती.