भंडारा लावलेलं घायपात

हरणाबाई बांधावर पोहोचली तेव्हा ट्रॅक्टर भरून उभा होता. तिने ट्रॉलीकडे पाहिलं. वर रचलेल्या घायपाताच्या गड्ड्यांवर हळदीचा पिवळा भंडारा दिसत होता. तिच्याच हाताने लावलेला.

कळपातली एखादी मेंढी भंडारा लावून बिरोबाला सोडली, की तिला विकायचं नाही, कापायचं नाही. घरातल्या कुणाचा तिच्यावर हक्क उरत नाही. कालच हरणाबाईने जुन्या, थोराड घायपातांना तसा भंडारा लावला होता. त्यांना दांडा येणार, दांड्यावर पिलं धरणार, ती खाली पडून बांध पुन्हा भरणार. बाकीचं खुशाल न्या, असं तिने कुपवाडच्या वीरधवलला बजावलं होतं. त्याची घायपाताची दारू गाळायची लहानशी भट्टी. तोही हो म्हणून गेला होता. घायपातच संपलं तर तो तरी काय गाळणार?

तोडकरी परगावचे. भंडारा म्हणजे तोडायची खूण समजून ते त्यांनी आधी तोडलं, मग उरलेलंही. बांध न्हाव्याने डोकं भादरल्यासारखा दिसत होता. त्या परक्यांना काय बोल लावायचा? पण तिचा लेक रविराज सकाळपासून त्यांच्यापाशी उभा होता. मेंढरांत वाढलेल्या पोराला भंडारा काय असतो ते का सांगावं लागतं!

"तू हुतास न्हवं हितं?" तिने विचारलं.

रविराजने मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. "आये, दारूला त्येच तर लय गोड हुतं. सोडून काय करायचं?"

हरणाबाईला रडू आलं नाही, संताप आला. याच बांधावरच्या घायपाताच्या वाकाचे, त्या पानांतल्या धाग्यांचे, दोर वळून वळून तिने त्याला वाढवलं होतं. तिने पदराची गाठ सोडली. उरलेला चिमूटभर भंडारा बोटावर घेतला. आई निवळली असं वाटून रविराजने सवयीने कपाळ पुढे केलं. तिने ते पिवळं केलं.

"सोडला तुला बिरोबाला," ती म्हणाली. "आता माजा तुज्यावर हक्क न्हाई."

रविराज हसायला गेला, पण त्याला हसू फुटेना. ट्रॅक्टर सुरू झाला तसा तो ट्रॉलीत चढला आणि त्या गड्ड्यांवरच बसला. हरणाबाईने वळून पाहिलं नाही. ती दोरासाठी तुटकी पानं गोळा करायला लागली होती.