कडुनिंबामागचा सूर्य

"पौषात सूर्य दिसल्याशिवाय पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही, हेमा. दिसला की अर्घ्य द्यायचं, हात जोडायचे आणि मग खुशाल जेवायचं. यात जड असं काही नाही."

इंदुमतीबाईंनी आपल्या सुनेला हे सांगितलं तेव्हा त्या अकोल्याच्या अंगणात उभ्या होत्या आणि सकाळचं ऊन त्यांच्या नऊवारीच्या काठावर चकाकत होतं. नातू चैतन्य तेव्हा जेमतेम वर्षाचा. जन्मला तोच अशक्त, दूध टिकेना, डॉक्टरांनीही मान हलवलेली. सासूबाई सूर्यनारायणाला नवस बोलून बसल्या. पोर तगलं, बाळसं धरलं, आणि त्यांच्या मुलाची, श्रीरंगची, दिल्लीला बदली झाली तेव्हा त्यांनी आपला अर्घ्याचा तांब्या हेमलताच्या हातात ठेवला. तो ठेवताना जे बोलल्या ते एवढंच.

त्यांचं तरी काय चुकलं? अकोल्याच्या पौषात आभाळ कसं धुतल्यासारखं असतं. दिल्लीचा पौष त्यांनी कधी पाहिलाच नाही. त्या यायच्या होळीच्या सुमाराला, रस्त्याकडेची फुलं बघून "छान आहे हो तुमची दिल्ली" म्हणायच्या आणि उन्हाळा लागायच्या आत परतायच्या.

मुनिरकाजवळच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या गच्चीत हेमलता आज पुन्हा तांब्या घेऊन उभी होती. समोर काही म्हणजे काही नव्हतं. पांढरं, ओलं, जळक्या वासाचं धुकं गच्चीच्या कठड्याला येऊन टेकलं होतं. तुळस काळी पडू नये म्हणून तिला चैतन्यचा शाळेतला मफलर गुंडाळलेला होता. तुळशीला मफलर घालणाऱ्या या बाईची सगळ्या जिन्याला सवय झालेली होती. पौष लागला की खालच्या मिसेस अरोरा भाजी निवडता निवडता वर बघून विचारायच्या, "भाभीजी, सूरज ने दर्शन दिये?" आणि कुणाला आधी दिसलाच तर तो जिन्यातूनच हाक मारायचा. पण आज रविवार. अख्खी कॉलनी रजईत होती.

गेल्या आठवड्यात सूर्य दोन दिवस लागोपाठ फिरकला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमलता देवापुढे दिवा लावायला वाकली आणि तशीच खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. श्रीरंगनं तिला उचलून पलंगावर ठेवलं. त्यानं साखरपाणी पुढे केलं, तिनं ओठ मिटले. तेव्हापासून घरात दोघंही एकमेकांशी जरा जपून बोलत होती.

श्रीरंग नोव्हेंबरमध्ये मंत्रालयातून निवृत्त झाला होता. उन्हाळ्याच्या आधी क्वार्टर सोडायचं होतं. कुठं जायचं, हा एकच विषय घरात उरला होता आणि त्या विषयाचा शेवट रोज हवामानावर व्हायचा. श्रीरंग अकोल्याचा. लहानपणी ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून शाळेत गेलेला, दोनदा उन्हानं चक्कर येऊन पडलेला. उन्हाचं नाव काढलं की त्याच्या कपाळावर आठी यायची. त्याला डेहराडून हवं होतं. "थंड, स्वच्छ, पेन्शनरांचं गाव. मला बिल्कुल मान्य आहे," असं तो बाजारात भाजी घ्यावी तसं म्हणायचा. चैतन्य गुरुग्रामला बाविसाव्या मजल्यावर राहायचा, बंद खिडक्या आणि हवा शुद्ध करणारी तीन यंत्रं यांच्यामध्ये. तो म्हणायचा, बाजूच्या टॉवरमध्ये फ्लॅट बघतो. हेमलताचं माहेर कराडचं. हिवाळ्याच्या सकाळी नदीकडून गारवा यायचा आणि पाठोपाठ ऊन थेट ओट्यावर. एवढंच ती सांगायची, तेही विचारलं तर.

खरं तर विचारायची गरजच नव्हती. अकोल्याच्या फलाटावर, दिल्लीची गाडी लागलेली असताना, श्रीरंग तिला म्हणाला होता, "आत्ता माझ्या नोकरीमागे चल. नोकरी संपली की ऊन तू निवड. तू म्हणशील तिथं मी येईन." हेमलतानं हे कधी काढलं नाही. उपासाचा गवगवा करू नये तसा दिलेल्या शब्दाचाही करू नये, असं तिला वाटायचं. दिलेल्यानं आठवावा.

नऊच्या पुढे कधीतरी धुकं किंचित हललं आणि कडुनिंबाच्या मागे, थोडं उजवीकडे, एक पांढुरकी चकती उमटली. हेमलतानं डोळे बारीक केले. चष्मा पदरानं पुसला.

"अहो! जरा बाहेर येता का?"

श्रीरंग माकडटोपी सावरत आला. एक खोकल्याची उबळ संपेपर्यंत कठड्याला धरून उभा राहिला.

"तो सूर्यच ना हो?"

त्यानं कडुनिंबाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ सुकलेले होते, तांब्या धरलेल्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

"सूर्यच. दुसरं काय असणार?" तो म्हणाला. "घाल पाणी आणि खाऊन घे."

हेमलताचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तिनं तांब्यात रक्तचंदनाचं बोट बुडवलं, अक्षता टाकल्या, लाल जास्वंद मिळाली नव्हती म्हणून गुलाबाची पाकळी टाकली. तुळशीत धार सोडताना तिनं सूर्याची बारा नावं घेतली, सावकाश, एकही न गाळता. मग आत येऊन उपमा केला. श्रीरंगला वाढला, स्वतः घेतला, वर लिंबाच्या लोणच्याची फोडही घेतली. "किती दिवसांनी वेळेवर दिसला," ती दोनदा म्हणाली. श्रीरंग वर्तमानपत्रात तोंड घालून जेवला.

दुपारी चैतन्य आला. सोबत गाजराच्या हलव्याचा डबा होता, सून अपूर्वानं दिलेला. आल्या आल्या त्यानं खिशातून फोन काढून हवेचा आकडा वाचला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं सिगरेट ओढत नाही, पण राहता मात्र सिगरेटमध्ये. चलो, सामान बांधा."

"तुझ्याकडे खिडकी उघडत नाही," श्रीरंग म्हणाला. "मला डब्यातलं लोणचं व्हायचं नाही."

"आणि डेहराडूनला काय करणार? रोज डोंगर बघणार? आजारी पडलात तर मी सहा तास गाडी चालवत येऊ?"

"तुला कोण बोलावतंय?"

"आई बोलवेल. आई, तू सांग यार यांना. आज जेवलीस का तू? की तुझा पाहुणा अजून यायचाय?"

"जेवले रे. आज लवकर दिसला," हेमलता म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "त्या कडुनिंबामागं."

"आज? सकाळी? आमच्या बाविसाव्या मजल्यावरून दिसला नाही तो तुला खालून दिसला? अच्छा! दाखव तरी कुठं."

तिघंही गच्चीत गेली. तीन वाजून गेले होते. धुकं आता विरळ झालं होतं, पलीकडच्या पाडलेल्या क्वार्टरांच्या जागी उभे राहणारे नवे टॉवर, त्यांच्या क्रेन, हिरव्या जाळ्या दिसत होत्या. आणि कडुनिंबाच्या मागे, थोडं उजवीकडे, सकाळच्याच जागी, ती पांढुरकी चकती होती. खाली तिला उंच खांब होता. उजवीकडे बरंच दूर, पश्चिमेला, जुन्या रुपयासारखा एक मळकट गोल खाली सरकत होता. तो खरा.

चैतन्यला आधी कळलं. "आई," तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. "आई, तू साइटवरच्या फ्लडलाइटला अर्घ्य दिलंस! ठेकेदाराला सांगायला हवं, त्याच्या दिव्याला भक्त मिळालाय."

हेमलता हसली नाही. तिनं एकदा त्या खांबाकडे पाहिलं, एकदा पश्चिमेकडे. मग तिनं श्रीरंगकडे पाहिलं. तो हसत नव्हता. कठड्याचा पोपडा नखानं काढत होता. आणि तिच्या ध्यानात आलं, की रोज सकाळी दुधाच्या बूथवर जाताना हा माणूस त्याच खांबाखालून जातो.

ती आत गेली. तांब्या घेऊन आली. मावळतीकडे तोंड करून तिनं अर्घ्य दिलं, बारा नावं पुन्हा घेतली. या वेळी आवाज येत नव्हता, फक्त ओठ हलत होते. चैतन्यचं हसू केव्हाच थांबलं होतं.

"सॉरी, आई. मी गंमत केली."

"तुझं काही नाही रे. तू बस, चहा टाकते."

"पण आता सोड ना हे. माझ्यासाठीच होतं ना? मी काय आता दूध ओकणारं बाळ आहे? नव्वद किलोचा झालोय."

"म्हणून तर सोडवत नाही," ती म्हणाली.

चहा झाला. डेहराडून, गुरुग्राम, पुन्हा डेहराडून झालं. हवेचे आकडे झाले. चैतन्य उठताना आईच्या पाया पडला, एरवी तो असा पडत नसे, आणि अंधार पडायच्या आत मेट्रो गाठायची म्हणून निघाला.

दार लागल्यावर घरात फक्त हीटरची गुणगुण उरली. हेमलता कपबशा गोळा करत होती.

"मला ठाऊक होतं," श्रीरंग म्हणाला.

"हो."

"तुझ्याकडे बघवेना, हेमा. परवा तू पडलीस तेव्हापासून मी..." त्याला खोकला आला. "एक घास तुझ्या पोटात जावा, एवढंच डोक्यात होतं."

ती कपबशा ठेवून त्याच्या शेजारी बसली. बोलली तेव्हा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"तुम्ही थकलात, तर ते मला सांगायला हवं होतं. मीही थकलेय. थंडी आली की रजया काढा, उन्हाळा आला की कूलरची जाळी बदला, दिवाळीनंतर श्वास मोजून घ्या. सगळं केलं. तक्रार नाही. पण वर्षातून एक महिना मी ज्याची वाट बघते, तो तरी खरा असू द्या. तुम्ही मला कुठं राहायचं विचारता, मी सांगते, आणि तुम्ही मला तिथलं एप्रिलचं तापमान सांगता."

श्रीरंग हीटरच्या लाल तारेकडे बघत राहिला. हेमलता उठली, देवापुढे दिवा लावला आणि उद्याच्या अर्घ्यासाठी तांब्या चिंचेनं घासून पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी धुकं अधिकच दाट होतं. कडुनिंबही दिसेना. दिवा तर नाहीच. हेमलता शाल गुंडाळून गच्चीत बसली, मांडीवर जपमाळ, शेजारी भरलेला तांब्या. आतून श्रीरंगची फोनवरची कुजबुज ऐकू येत होती, मग कपाटाचं दार, मग बॅगेची चेन. मिसेस अरोरांनी खालून विचारलं, "भाभीजी, आज?" तिनं हातानंच नाही म्हटलं.

बारा वाजायला आले तेव्हा श्रीरंग गच्चीच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात कोट, गळ्यात मफलर, डोक्याला माकडटोपी. खांद्यावरच्या बॅगेची चेन पुरती लागली नव्हती. त्या फटीतून त्याची पांढरी सुती हॅट डोकावत होती, अकोल्याच्या लग्नाकार्यांना जाताना घालायची ती.

"तत्काळमध्ये एक बर्थ मिळाला," तो म्हणाला. "निजामुद्दीनहून. धुक्यानं गाडी उशिरा सुटेल म्हणतायत, पण आपण वेळेवर गेलेलं बरं."

"कुठं निघालात?"

"कराडला. तुझ्या चुलतभावाला फोन केलाय, दोन-तीन घरं आहेत म्हणाला. परवा सकाळीच जाऊन बघतो. ऊन ओट्यावर येतं का ते." तो थांबला. "पूर्वेकडचाच ओटा ना?"

हेमलताच्या हातातली माळ थांबली. "तुम्हाला तिथला एप्रिल सोसायचा नाही हो."

"एप्रिलचं एप्रिलमध्ये बघू. खिशात कांदा ठेवीन." तो जरासा हसला. "चैतन्यला मी सांगतो. तो संध्याकाळी येईल तुझ्याकडे. मी घर ठरवून फोन केला की मग दोघं या. या पौषातले दोन-चार दिवस तरी तुला तिकडे मिळू देत."

"थांबा, पोळीभाजी बांधून देते. काही खाल्लंत का?"

"दिसेल तेव्हा खाईन," तो म्हणाला.

ती बघतच राहिली. ज्या माणसानं कधी संकष्टीही धरली नाही, देवळाबाहेर चपला सांभाळत जो आयुष्यभर उभा राहिला, तो बोलून चुकला होता आणि आता लाजून बॅगेची चेन ओढत होता.

"काळजी घे. चक्कर आली तर मिसेस अरोरांना हाक मार," एवढं म्हणून तो जिना उतरला. तिच्यासारखाच, आवाज न करता.

हेमलता आत आली. स्वयंपाकाच्या ओट्यावर त्यानं स्वतःसाठी केलेला सकाळचा चहा तसाच होता. वर बशी झाकलेली, चहावर साय धरलेली. ती पुन्हा गच्चीत गेली आणि कठड्यावरून वाकून पाहिलं. धुकं आता थोडं विरळलं होतं. खाली रस्त्यावर एक माकडटोपी बस स्टॉपकडे चालली होती. दुधाच्या बूथपाशी, त्या उंच खांबाखाली ती क्षणभर थांबली, वर बघितलं, आणि मग पुढे निघाली, धुक्यात शिरली.