डाव्या हाताची गाठ

उमाजीला नियम तोंडपाठ. उतारावर गिअर सोडायचा नाही, वळणावर भोंगा वाजवायचा, ढोरं दिसली की गाडी थांबवायची, आणि वयाची वीस वर्षं पुरी झाल्याशिवाय लॉरीच्या स्टेअरिंगच्या चाकाला हात लावायचा नाही, कायदाच तसा आहे. कुरखेड्याच्या जंगलातून वडशाच्या स्टेशनावर बांबू नेणारा हा डायवर गावी आला की पारावर बसून हे ऐकवायचा. ऐकताना सगळ्यात जास्त मान डोलायची ती त्याच्या बहिणीची, गुणाबाईची.

का डोलू नये? माय मेली तेव्हा उमाजी चार वर्षांचा होता. गुणाबाईनंच त्याला वाढवलं, तलावाच्या पाळीवर बसवून जाळं विणायला शिकवलं. धिवराचं पोर, पण डावखुरं. तिची गाठ त्याच्या हाताला बसेना. मग ती स्वतः डाव्या हातानं गाठ मारायला शिकली आणि तशी त्याला शिकवली. अख्ख्या मोहल्ल्यात ती उलट्या फासाची गाठ दोघांचीच.

तिचा लेक खुशाल सोळाचा झाला, तेव्हा तिनं त्याला मामाच्या लॉरीवर क्लीनर म्हणून धाडला. धाडताना भावाला पाळीवरच्या देवीसमोर उभं केलं. "चाकावर बसवशील नाई ना?"

"मी काय पागल हाय काय, बाई?" उमाजी हसला होता. "त्याचे पाय तरी पुरतेत काय?"

आणि काही महिन्यांनी, एका भर दुपारी लॉरी उतारावरून सुटली, एका बैलगाडीला उडवून नाल्यात गेली. बैल जागीच मेला, गाडीवाला थोडक्यात वाचला. खुशालचा पाय दोन ठिकाणी मोडला. उमाजी दारात येऊन ढसाढसा रडला. "मी पाणी प्यायले उतरलो होतो, बाई. पोरानं मले न विचारता गाडी नेली."

दवाखान्यात खुशालही तेच म्हणाला. "हो माय. मीच नेली."

गुणाबाईचा संताप अनावर झाला. देवासारख्या मामाचं नाव घालवलं, म्हणून तिनं त्या मोडक्या पायाच्या पोराला दोन दिवस नाही नाही ते ऐकवलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तिसऱ्या दिवशी फौजदारानं गुणाबाईला जबाबासाठी नाल्यावर बोलावलं. लॉरी वर ओढून ठेवली होती. उमाजी सकाळीच जबाब देऊन तिथंच थांबला होता. आता फक्त पोराच्या नावावर गुन्हा लिहायचा बाकी होता. फौजदार कागद चाळत असताना गुणाबाईनं सहज आत डोकावलं.

क्लचच्या पायडलवर सागाचा ठोकळा बांधलेला होता. बुटक्या माणसाचा पाय तिथवर पोचावा म्हणून. ब्रेकवरचा ठोकळा मात्र निसटून गेला होता, नुसती तुटकी दोरी लोंबत होती. दोरी जाळ्याची, तेलानं काळी पडलेली. एका दिवसाची नव्हेच. तिनं वाकून गाठ पाहिली. फास उलटा होता.

जी गाठ तिनं मांडीवर घेऊन शिकवली, तीच तिच्या पोराच्या पायाखाली बांधली होती, आणि कितीतरी महिने.

"साहेब, ही गाठ डावखुऱ्याची हाय," ती भावाकडे बोट करत म्हणाली, "याच्या हाती दोरी द्या. गाठ मारायले सांगा."

उमाजीनं बहिणीकडे पाहिलं नाही. त्यानं दोरी घेतली आणि उजव्या हातानं, चाचपडत, एक गाठ मारली. फौजदारानं ओढली तशी ती सुटून आली.

"वीस वर्सं जाळं विनलं यानं," गुणाबाई म्हणाली. "आज गाठ इसरला."

फौजदारानं सकाळचा कागद काढून त्याच्यापुढं धरला. "सकाळी जबाबावर सही डाव्या हातानं केलीस ना रे?"

उमाजीनं दोरी खाली टाकली. "बाई, माझं लायसन गेलं असतं... तो तं लहान हाय, त्याले सोडून देतीन, असं वाटलं."

"मले बाई म्हणू नको." एवढंच बोलून ती दवाखान्याच्या वाटेला लागली.

खुशाल जागाच होता. ती पायथ्याशी बसली. मारावं की कुरवाळावं, तिला कळेना. "मले काऊन नाई सांगितलं रे? मी तुले एवढं बोलली, तरी गप्प राह्यला?"

"मामा रोज वाटेत कोलूच्या घरी मोहाची दारू प्यायले उतरे. पुढं गाडी मीच नेत होतो," तो हळूच म्हणाला. "त्यानं मले शपथ घातली होती."

"कोनाची?"

"तुई. सांगशीन तं माय मरन म्हने." तिच्या तोंडाकडे घाबरून बघत तो उठायला लागला. "माय, तुले कोनी सांगितलं? मी नाई सांगितलं. मी नाई सांगितलं ना?"

गुणाबाईनं त्याचा हात ओढून आपल्या छातीवर दाबून धरला.

"पाह्य," ती म्हणाली. "जित्ती हाय मी."