घाटात राहिलेली भोरी

"आई, पुढं चल की. मागं कुठं निघालीस?" ऋतिका तिसऱ्यांदा म्हणाली आणि तुकाबाईनं तिसऱ्यांदा मेंढरं मागं वळवली.

मेंढरं मोबाईलमधली होती. रविवारची दुपार, डिंगोऱ्यातल्या घराची ओसरी, आणि मायलेकी एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेल्या. तुकाबाईनं मोबाईल दोन्ही हातांत धरला होता, काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं धरावं तसा. डाव्या अंगठ्यानं दाबलं की पडद्यावरची लाल लुगड्यातली बाई चालायची, उजव्यानं दाबलं की हाळी द्यायची. एवढं तिला अर्ध्या तासात जमलं होतं आणि त्याचा तिला मनातून अभिमानही वाटत होता. पुढचं मात्र काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

ऋतिका पुण्यात गेम बनवायच्या कंपनीत कामाला होती. गावात कुणी विचारलं की तुकाबाई "कम्प्युटरवर असती" एवढंच सांगून विषय मिटवायची. मोबाईलवर गेम खेळतात म्हणून घरोघरच्या पोरांना शिव्या बसत होत्या, त्यातल्या दोनचार तिनं स्वतः घातलेल्या. आपली लेक इंजिनीअर होऊन तेच बनवते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

पण हा गेम ऋतिकाचा स्वतःचा होता. कोकणातून मेंढरं घेऊन माळशेज घाट चढायचा आणि पाऊस लागायच्या आत घरी पोचायचं. दोन वर्षं ती त्यावर खपली होती. आता कंपनीत दोन गेम तयार होते आणि शुक्रवारी त्यातला एकच ठेवायचा होता. तिच्या सरांनी तिला आधीच सांगून टाकलं होतं, तुझा गेम चांगला आहे, पण ग्रेट नाही. कमी काय आहे ते मात्र त्यांनाही सांगता येईना. पोरीची झोप उडाली. शेवटी ती एसटीत बसून गावी आली आणि आईच्या हातात मोबाईल देऊन म्हणाली, "वीस वर्षं तू ती वाट चाललीस. तूच सांग, यात काय न्हाई."

लेकीनं आजवर तिला अभ्यासातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. विचारून उपयोग नाही हे दोघींनाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं. आता पहिल्यांदाच तिनं काही विचारलं, आणि नेमकं ते असलं. उत्तर चुकलं तर पोरीची दोन वर्षं पाण्यात जाणार होती.

ग्रेट म्हणजे नेमकं काय, हे तिनं आधी विचारून घेतलं. ऋतिकानं सांगितलं, सर म्हणतात, मोबाईल खाली ठेवला तरी जो गेम डोक्यातून जात नाही तो ग्रेट. यावर तुकाबाईनं बराच विचार केला. डोक्यातून न जाणारी गोष्ट चांगली कशी, हे तिला कळेना. दाढदुखीही डोक्यातून जात नाही.

तरी सुचेल तसं ती सांगत गेली. गेममध्ये लांडगा येत होता. ती म्हणाली, आपल्याकडं बिबट्या येतो, आणि तो असा ओरडत येत नाही. घोडं पुढं हवं, त्याच्या पाठीवरच्या डालात लहान कोकरं हवीत. वाघर लावल्याशिवाय मेंढरं बसतील कशी, ती जाळी कुठंय? ऋतिका सगळं वहीत लिहून घेत होती, पण तिचा चेहरा काही खुलत नव्हता. हे सगळं ठीक होतं. पण कमी होतं ते हे नव्हतं.

मग पडद्यावर घाट आला, धुकं दाटलं, टुंग करून आवाज झाला आणि अक्षरं उमटली. एक मेंढी हरवली.

"कोनचं?" तुकाबाईनं विचारलं.

"कोणतं म्हणजे? एक कमी झालं. दहा पॉइंट गेले. उरलेली एकोणचाळीस घेऊन पुढं चल."

"पन कोनचं गेलं?"

ऋतिकाला हसू आलं. सगळी मेंढरं एकसारखीच आहेत, एक काढलं आणि त्याचीच चाळीस केली, असं तिनं समजावलं. तुकाबाई गोंधळून तिच्याकडं बघत राहिली. त्यांच्या कळपात दोनशेच्या वर मेंढरं होती. ती त्यांनी कधी मोजली नाहीत. मोजायची गरजच नसायची. सांजेला वाघरीत सोडताना एकेकाचं तोंड बघितलं की कोण नाही ते कळायचं. कोण गेलं ते ठाऊक नाही आणि एक गेलं म्हणे, ही कसली रीत? ती मागं वळली, आणि पडद्यावरची बाई जागच्या जागी पाय मारत राहिली.

"घाटात मागं जाता येत न्हाई आई. पुढं गेलं की मागचं आम्ही पुसून टाकतो. न्हाईतर मोबाईलला जड होतं."

तुकाबाईनं मोबाईल मांडीवर ठेवला. मग तिनं लेकीला भोरीचं सांगितलं. अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऋतिका तेव्हा आजीपाशी राहून शाळेत जात होती. मृगाच्या तोंडावर घाट चढताना असंच धुकं पडलं होतं आणि वर आल्यावर भोरी दिसली नाही. दिवस भरलेली मेंढी, विण्यासाठी बाजूला झाली असणार. तुकाबाई मागं वळली तेव्हा तिचा नवरा सोनबा म्हणाला, ट्रकांच्या रस्त्यावर दोनशे जीव उभे आहेत, एकीसाठी त्यांना मारती का? त्याचं बरोबर होतं. म्हणून ती गप पुढं चालली. पण त्याची लाज तिला आजही वाटत होती.

बाजेवर बसून गुडघ्यांना तेल चोळणारा सोनबा म्हणाला, "कशाला जुनं उकरतीस?" आणि काठी टेकत अंगणात निघून गेला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यानं मेंढरं विकली होती. त्यानंतर मेंढरांचा विषय तो काढत नसे.

ऋतिका संध्याकाळच्याच गाडीनं पुण्याला गेली. बुधवारी तिनं आईच्या मोबाईलवर नवा गेम पाठवला. आता प्रत्येक मेंढराला वेगळं तोंड होतं. घाटात भोरी हरवत होती, आणि मागं जाता येत होतं, पार खालपर्यंत. तुकाबाईनं फोन करून विचारलं, भोरी सापडती का? ऋतिका म्हणाली, "ते मलाच कळंना आई. सध्या तरी सापडत न्हाई."

शुक्रवारी दुसऱ्या गेमची निवड झाली. मागं जाऊन काहीच मिळत नाही तो गेम लोक कशाला खेळतील, असं सरांचं म्हणणं पडलं. तुकाबाई तेव्हा रोपवाटिकेत टोमॅटोची रोपं ट्रेमधून काढत होती. फोन कानाला धरून ती तिथंच मातीत बसली.

"माज्यामुळं गेला," ती म्हणाली. "मेंढराचं सांगायलाच नको व्हतं."

"न्हाई गं. आता कुठं तो बरोबर झालाय," ऋतिका म्हणाली. तिचा आवाज रडून झाल्यासारखा होता, पण शांत होता.

बरोबर झाला तर निवडला का नाही, आणि निवडला नाही तर बरोबर कसा, हे कोडं तुकाबाईला रविवारपर्यंत सुटलं नाही. रविवारी दुपारी ती ओसरीवर एकटीच मोबाईल घेऊन बसली. घाट लागला, भोरी गेली, ती मागं वळली. त्या आठवड्यातली तिची ही कितवी खेप होती कुणास ठाऊक. घरी ती एकदाही पोचली नव्हती. पडद्यावरची बाई धुक्यातून उतरत होती आणि वर राहिलेली मेंढरं तशीच उभी होती.

मागं काठीचा आवाज झाला. सोनबा तिच्या खांद्यावरून बघत होता. किती वेळ, ते तिला कळलं नाही.

"डाव्या अंगाला बघ," तो म्हणाला. "करवंदीच्या जाळीमागं कपार व्हती."

तुकाबाईचा अंगठा थांबला. "तुमाला कसं ठावं?"

"आवाज आला व्हता," सोनबा म्हणाला. "कोकराचाबी."

तिला राग यायला हवा होता. अठरा वर्षं हा माणूस ते पोटात ठेवून तिच्याशेजारी जेवला, झोपला. राग आलाही असेल. पण त्याच्या तोंडाकडं बघून तो कुणावर काढायचा तेच तिला समजेना. ती नुसतीच सतरंजीवर बाजूला सरकली. सोनबा काठीच्या आधारानं, गुडघे कुरकुरत, हळूहळू खाली बसला. तिनं मोबाईल दोघांच्या मधे धरला.

डाव्या अंगाला लेकीनं काहीच काढलेलं नव्हतं. नुसतं पांढरं धुकं होतं. तुकाबाईनं बाईला तिकडं वळवलं.