नदीच्या वाटेनं

सूलान चोंगचिंगला पोचली तेव्हा तिचा थोरला भाऊ शिकुई आपल्या टपरीवर नूडल्स उकळत होता. वाफेतून त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण हातातला झारा खाली ठेवला नाही. "बस," एवढंच म्हणाला आणि गिऱ्हाईक पांगेपर्यंत पुन्हा बोलला नाही. सूलान पायऱ्यांच्या वळणावरच्या बुटक्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. भावाचे केस पांढरे झाले होते. फोनवर केस दिसत नाहीत, तिच्या मनात आलं.

गाव धरणात जाणार हे ठरलं तेव्हा सरकारनं गावातल्या बऱ्याच घरांना शांघायजवळ, नदीच्या मुखातल्या बेटावर, जमीन दिली होती. रान आडनावाच्या त्यांच्या कुटुंबालाही मिळाली. आईवडील आणि सूलान बोटीत चढली. शिकुई धक्क्यावरच उभा राहिला. संत्री उतरवून वसंतात येतो, असं तो वडिलांना म्हणाला होता. आला नाही. सासुरवाडीच्या आधारानं त्यानं चोंगचिंगला टपरी टाकली. पुढच्याच हिवाळ्यात वडील गेले, तेव्हा नदीवर धुकं आहे, बोटी बंद आहेत, असं त्यानं कळवलं. धुकं लवकरच निवळलं. तो तरीही गेला नाही. मग आता कुठल्या तोंडानं जायचं, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. आई मात्र नेमानं फोन करायची. वाफ्यातल्या मिरच्या, हवापाणी, नातवाची नोकरी, असलंच काहीबाही बोलायची. 'ये' असं ती कधी म्हणाली नाही.

आता सूलान आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं बोलावणं घेऊन आली होती. वाढदिवस महिनाअखेरीला होता, हे खोटं नव्हतं. पण आईच्या यकृतात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. सूलान निघाली तेव्हा आईनं तिचं मनगट धरून बजावलं होतं, "आजाराचं अवाक्षर काढायचं नाहीस. घाबरून येऊ नये त्यानं. मनानं येऊ दे."

टपरीच्या मागच्या खोलीत शिकुईच्या बायकोनं जेवायला वाढलं. तो कुरकुरत होता. टपरी कोण बघणार, भाड्याचं काय.

"जा की आता," वहिनी म्हणाली. "तुमच्यावाचून चोंगचिंगची माणसं काही उपाशी मरत नाहीत. उलट चार दिवस मीठ बरोबर पडेल."

सूलानला हसू आलं. ती म्हणाली, "दादा, विमानाची तिकिटं काढते. उद्या दुपारी घरी."

"घाई काय एवढी? वाढदिवसाला अवकाश आहे." शिकुई वाडग्यात बघत म्हणाला. "तुम्ही ज्या वाटेनं गेलात त्याच वाटेनं यायचंय मला. नदीच्या."

एवढ्या वर्षांनी तो यायला तयार झाला होता. ताणलं तर तुटेल, अशी सूलानला भीती वाटली.

तर दोघं बोटीनं निघाली. नदीच्या खोल दरीतून बोट हळूहळू खाली जात होती आणि शिकुई कठड्याला धरून उभा होता. एका ठिकाणी त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं. "इथं कुठंतरी आपलं अंगण."

"इथं नाही. अजून पुढं," सूलान म्हणाली.

"तुला काय आठवतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त. मी वळून बघत होते. तू धक्क्यावरून केव्हाच निघून गेला होतास."

तो कठड्यापासून बाजूला झाला आणि आत जाऊन पडला. सूलानला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण बोलून झालं होतं.

यीचांगला उतरल्यावर पुढची गाडी लगेच मिळत होती. शिकुई म्हणाला, धरण बघितल्याशिवाय मी हलत नाही. मग बस करून ती दोघं धरणावर गेली. पर्यटकांच्या घोळक्यात तो सिगारेट ओढत उभा राहिला, चांगला अर्धा दिवस.

"एवढीशी भिंत," तो म्हणाला. "मला वाटायचं, आभाळाला टेकली असेल."

"झालं बघून? चल आता."

"थांब जरा. संत्री घेऊ आईला. इथली संत्री आपल्या गावच्या जवळपास येतात."

संत्री घेण्यात दुसरा दिवस गेला. बाजारातली त्याला पसंत पडेनात, म्हणून तो शहराबाहेरच्या बागेत गेला. मालकाशी कलमांबद्दल बोलत बसला, एकेक फळ हातात घेऊन जोखलं. सूलाननं बांधाआड जाऊन नवऱ्याला फोन लावला. योंगनियान म्हणाला, आई पेज घेतात थोडी, दोन चमचे. सारखं विचारतात, कुठवर पोचली.

ती परत आली तेव्हा शिकुई तिच्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हणतात घरी?"

"ठीक आहेत सगळे. वाट बघतायत."

तो पुन्हा संत्र्यांकडे वळला.

वुहानला त्याचा सैन्यातला जुना सोबती राहत होता. नुसती गाठ घ्यायची म्हणून दोघं गेली, तर जेवण झालं, दारू झाली, मुक्काम झाला. सकाळी सोबत्यानं त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात तिळाच्या चटणीतल्या कोरड्या नूडल्स खायला नेलं. शिकुईनं दोन घास खाल्ले आणि दुकानदारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "तीळ झकास आहेत. पण तिखट कुठं गेलं? आजारी माणसाला देतात तसं दिलंय."

"तिखट हवं तर चोंगचिंगला जा," दुकानदारीण म्हणाली. "आमच्याकडं लोक चवीनं खातात, रडत नाहीत."

सोबती खदखदा हसला आणि संध्याकाळी पूर्व तलावावर जायचा बेत करू लागला. तेव्हा मात्र सूलानचा तोल गेला. "तू आईला भेटायला निघालायस, का दर गावच्या नूडल्सची परीक्षा घ्यायला?"

"येतोय ना मी."

"कधी?"

"येतोय म्हटलं ना, सूलान."

तिनं फोन काढला, घरचा नंबर लावला आणि तो त्याच्या हातात कोंबला. निदान आईचा आवाज ऐकून तरी हा उठेल, असं तिला वाटलं. "आई, मी," शिकुई म्हणाला. मग आई म्हणाली, "कुठंयस रे?"

"वुहानला."

"वुहानचं कमळाच्या मुळांचं सूप चांगलं असतं म्हणतात. खाऊन घे. परत कधी जाणं होणारेय."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"आत्ताच झोपून उठले. सावकाश या. सूलानची दमछाक करू नकोस."

शिकुईनं फोन परत दिला. वाडग्यातल्या नूडल्स तशाच राहिल्या. तरी निघायची घाई त्यानं केली नाही. तलावावर गेला, काठाकाठानं एकटाच लांबवर चालत राहिला. सूलान बाकावर बसून त्याची पाठ बघत होती. उठावं, त्याच्यामागं जावं आणि सगळं सांगून टाकावं असं तिला वाटत होतं. पण मनगटावर आईची बोटं अजून होती. शिवाय फोनवर तर आई बरी बोलली होती. अजून दोन आठवडे काढील ती, सूलाननं स्वतःला समजावलं.

नानजिंगला ती दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी उतरली. इथून शांघाय म्हणजे हाकेच्या अंतरावर. स्टेशनातच गाडी बदलू, असं सूलान म्हणाली. शिकुई म्हणाला, रेशमी अस्तराचं जाकीट घ्यायचंय आईला. वाढदिवसाला रिकाम्या हातानं कसं जाणार.

"संत्री आहेत की."

"संत्री खाऊन संपतात."

जुन्या बाजारातल्या एका दुकानात त्यानं गडद तांबड्या रंगाचं, दीर्घायुष्याची नक्षी असलेलं जाकीट निवडलं. विकणाऱ्या बाईनं माप विचारलं. शिकुईनं दोन्ही हात पसरून दाखवलं. "दणकट बाई आहे. दोन कावडी संत्री घेऊन धक्का उतरायची. खांद्यात मोठं हवं."

बाईनं मोठं जाकीट काढून काउंटरवर पसरलं. सूलान त्याकडे बघत राहिली. त्या जाकिटात आता आई दोनदा मावली असती. निघायच्या आदल्या दिवशी तिनं आईला न्हाऊ घातलं होतं. खांद्यांची नुसती हाडं हाताला लागली होती.

"हे नको. लहान दाखवा," ती म्हणाली.

"लहान कशाला?"

"दाखवा हो. अजून लहान. ते शेवटचं."

बाईनं काढलेलं जाकीट एखाद्या शाळकरी मुलीला बसावं एवढं होतं. शिकुईनं ते हातात घेतलं, खांद्याची शिवण चिमटीत धरली. "एवढी?"

"वय झालं की माणूस आटतं," सूलान म्हणाली आणि तिचा आवाज फाटला.

त्यानं जाकीट काउंटरवर ठेवलं. विकणारी बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.

"काय झालंय तिला?"

सूलाननं सांगितलं. यकृत, डॉक्टर, पेज, आईनं घातलेली बंदी, सगळं. तो ऐकत राहिला. तिचं बोलणं संपल्यावर म्हणाला, "मला यीचांगलाच वाटलं होतं. तू बांधाआड फोनवर बोललीस तेव्हा. वुहानला तर कळलंच."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर निघावं लागलं असतं." तो जमिनीकडे बघत होता. "बाप गेला तेव्हा गेलो नाही. आता तिच्यासमोर उभं राहून काय बोलायचं, ते ठरवत होतो. दर गावात वाटायचं, इथं सुचेल."

"ती काही विचारणार नव्हती, दादा. तिला नुसता तू हवा होतास."

त्यानं लहान जाकीट बांधून घेतलं. तिथून ती दोघं जवळजवळ धावतच स्टेशनवर गेली. मिळाली त्या पहिल्या गाडीत बसली. गाडी सुसाट निघाली होती, तरी शिकुई पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून बसला होता, जणू ढकलत असावा. सूचौ स्टेशन मागं गेलं आणि सूलानचा फोन वाजला. नवऱ्याचं नाव बघून तिनं तो उचललाच नाही, शिकुईनं उचलला. "हो," तो म्हणाला. "हो. कधी?" मग फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं.

बेटावर पोचली तेव्हा दिवस मावळत होता. आईला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. अंगावर तिनंच दहा वर्षांपूर्वी शिवून ठेवलेले शेवटचे कपडे होते. योंगनियाननं सांगितलं की सकाळी त्यांनी विचारलं, आता कुठं आहेत, आणि नानजिंग म्हटल्यावर 'मग जवळच आली' असं म्हणाल्या. केस विंचरून घेतले. दुपारी पेज नको म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळानं गेल्याच.

शिकुईनं तीनदा जमिनीला कपाळ टेकलं. तिसऱ्यांदा टेकलेलं उचललं नाही, तेव्हा दोघांनी धरून उठवलं. जाकीट आईच्या पायाशी ठेवलं होतं. संत्री सूलाननं ताटात लावली.

जमलेली माणसं सगळी जुन्या गावचीच होती, इथं येऊन म्हातारी झालेली. त्यांची नातवंडं शांघायच्या बोलीत कुजबुजत होती, हा कोण म्हणून. शेजारचे थोरले काका काठी टेकत शिकुईजवळ आले. ते त्याच्या बापाचे जोडीदार. त्याला नीट न्याहाळून म्हणाले, "वसंतात येतो म्हणाला होतास. लांबला रे तुझा वसंत."

शिकुई म्हणाला, "हो काका. लांबला." काकांनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तसेच त्याच्या शेजारी बसून राहिले.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी होईपर्यंत शिकुई बेटावर राहिला. आल्यागेल्याला जेवू घालायचं काम त्यानं अंगावर घेतलं. दिवसभर चुलीपाशी असायचा. एकदा भांडी घासताना सूलान म्हणाली, "मी चोंगचिंगलाच सांगायला हवं होतं. तुझ्या टपरीवर. पहिल्याच दिवशी."

"आईनं बजावलं होतं ना."

"बजावलं होतं. तरी सांगायला हवं होतं."

त्यानं तिच्या हातातलं पातेलं घेतलं, पुसलं, फळीवर ठेवलं. "सांगितलं असतंस, तरी मी काय केलं असतं कोण जाणे," तो म्हणाला. त्यात तिला दिलासा होता की नाही, हे तिला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

तो चोंगचिंगला परत गेला. आता दोघांचा फोन दर रविवारी असतो. सर्दी झाली, पाय मुरगळला, रक्तदाब वाढला, बारीकसारीक सगळं एकमेकांना सांगतात. वहिनी मागून ओरडते की या दोघांना आजारपणाशिवाय दुसरं काही सुचत नाही. आईचं नाव मात्र दोघंही काढत नाहीत. बोलणं तिच्यापाशी आलं की एकजण म्हणतो, बरं, ठेवतो मग, आणि दुसरा लगेच हो म्हणतो.