यादीतले अकरावे पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. पुस्तकाने शहाणे असावे म्हणतात, पण मी आहे जळका. आयुष्यभर मी शेजारच्या एका जाडजूड पुस्तकावर जळत आलो. आता या वयात ते लपवण्यात काही अर्थ नाही.

माझा जन्म १९६१ सालचा. दहिवडीकडचे एक शिक्षक, नाथाजी गुरुजी, दर सुट्टीत माण तालुका पायी हिंडले. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, मेंढरे पाण्यासाठी कुठवर जातात, सारे त्यांनी टिपले. त्यातून मी झालो. माझी एक प्रत त्यांनी स्वतः साताऱ्याच्या एका कॉलेजात आणून दिली. ग्रंथपाल इलियासभाईंनी मला अर्थशास्त्राच्या फळीवर ठेवले, नेमके त्या जाड्याच्या शेजारी.

जाड्या परीक्षेला नेमलेला होता. जून उजाडला की मुले त्याच्यासाठी रांग लावत. त्याच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मावत नसत, आणि माझी चिठ्ठी कोरी! बरे, त्याला नेमले का? तर गेल्या वर्षी नेमला होता म्हणून. मेंढरांबद्दल त्याच्यात अर्धी ओळ आहे, मित्रांनो. अर्धी! तो रांगेतून मिरवत बाहेर पडला की माझा नुसता तिळपापड व्हायचा.

१९७३ साली, दुष्काळात, विजयमाला नावाची माणची विद्यार्थिनी फळीपाशी आली. जाड्या बाहेर गेला होता, म्हणून तिने मला उघडले आणि उभ्या उभ्याच वाचू लागली.

"आवं इलियासभाई, ह्यात आमच्या गावची हीर हाय की! कवा आटती त्येबी लिवलंय!"

तिने मला तीनदा घरी नेले. परीक्षेत माझ्यातले लिहिले, तर गुण कमी पडले. तपासणाऱ्याने मला कधी पाहिलेच नव्हते.

१९७८ मध्ये ती त्याच कॉलेजात शिकवायला आली. त्याच वर्षी फर्मान निघाले, की पाच वर्षांत ज्या पुस्तकावर शिक्का पडला नाही, ते दिवाळीनंतर रद्दीत जाईल. माझा शेवटचा शिक्का तिचाच होता, १९७३ चा.

विजयमालाबाईंनी मुलांसाठी वाचनाची यादी केली. अकरा पुस्तके होती. पहिला अर्थातच जाड्या, शेवटचा मी. टंकलेखक आप्पासो छापलेले साठ कागद घेऊन ग्रंथालयात आले.

"बाई, धाच बसली. पान संपलं."

"आन् अकरावं?"

"त्ये कुठंच नेमलेलं न्हाई. येका पुस्तकापायी दुसरं पान कशाला काढायचं?"

मला वाटले, संपले सारे. बाई टेबलापाशी बसल्या, साठही कागद उलटे केले आणि प्रत्येकाच्या मागे माझे नाव हाताने लिहिले.

"मागं कोण बघतंय, बाई?" इलियासभाई म्हणाले.

"येकानं बघितलं तरी लय झालं."

आठवडे गेले. जाड्याच्या फेऱ्या चालूच होत्या. माझ्याकडे कोणी फिरकले नाही. दिवाळीला चार दिवस उरले तेव्हा कवठे महांकाळची शाहजादी नावाची विद्यार्थिनी तेलाचे डाग पडलेला एक कागद घेऊन आली. त्या यादीत तिने भडंग बांधून आणले होते. भडंग संपले, तेव्हा मागचे अक्षर दिसले.

"हे पुस्तक हाय का वो?"

इलियासभाईंनी माझ्या चिठ्ठीवर शिक्का मारला. मी वाचलो.

जाड्याची रांग अजून तशीच आहे आणि मी अजून तसाच जळतो. पण मित्रांनो, एक मागणे आहे. यादी हाती आली की त्यातली पुस्तके जरूर वाचा, जाड्यालाही वाचा. मग कागद उलटा करून पाहा. मागे काही नसेल, तर यादी करणाऱ्याला एवढेच विचारा, की पान कुठे संपले?